सांडूच्या छातीतला हुकूम

औरंगपुरा, औरंगाबाद
६ मार्च १९६०

चि. सौ. मनकर्णा, दादाचे आशीर्वाद.

शैलाचं लग्न वैशाखात धरलं आहे. पोरगी म्हणते, आत्या आली नाही तर मी हळदीला बसणार नाही. मी म्हटलं, आत्या येईल गं, पण तिच्यामागच्या त्या मातीच्या सावलीला कोण आवरणार?

खरं सांगतो, दिवसभर दुकानात बादल्या, कंदील, दोरखंड विकून मी जेवढा दमत नाही तेवढा गेल्या दिवाळीला तुझ्या दारात दमलो. स्वतः मोटार ठरवून आणली, आत गादी टाकली. तू पायरीवर पाय ठेवलास आणि तुझा सांडू, तो मातीचा गडी, मधे. दांडगाई नाही, आवाज नाही. कोपराला धरून तुला खाली उतरवलं, फळीवरून काचेची बरणी उतरवावी तसं. आणि मोटारीसमोर उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, ये पुतला हटाव." मी दोन्ही हातांनी ढकलला. बारा वर्षं मोंढ्यात पोती उचलून मी हे दुकान उभं केलं, पण तो इंचभर हलला नाही. सगळं अजिंठा बघत होतं.

इथं शहरात आता मातीचा गडी औषधालाही दिसत नाही. पोलीस ॲक्शन झाली, जहागिरी गेल्या, बेगमपुऱ्यातल्या भट्ट्या विझल्या. ज्यांच्या दारी दहा-दहा गडी पाणी भरत होते त्यांनी ते सोडवले, माती मातीला मिळाली. हुकमाखाली उरला असेल तर तुझा एकटा. दाजी पोलीस ॲक्शनच्या आधीच्या श्रावणात घाट उतरून खानदेशातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पाकडं गेले, जाता जाता त्याच्या कानाशी काही बोलले. तू विहिरीवर होतीस. काय बोलले ते कुणी ऐकलं नाही, आणि मातीच्या गड्याला बोलता येत नाही. दाजी आले नाहीत. हा मात्र हुकूम पाळतोच आहे.

आता मुद्द्याचं. दुकानात घागर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक टिचकी मारून बघतं. मी पाठमोरा असलो तरी कुठं तडा आहे ते सांगतो. दिवाळीला सांडूच्या छातीवर टिचकी मारली. बद्द वाजला. डाव्या खांद्यापासून तडा आहे. पुढचा पावसाळा तो बघत नाही.

म्हणून बेगमपुऱ्यात जाऊन आलो. गडी घडवणारे एकच उस्ताद उरलेत, खाटेवर पडून असतात. म्हणाले, "सेठ, मट्टी झूट नै सुनती. घर का आदमी सामने ठैरना, मालिक का नाम लेना, सच्ची बात बोलना के अब वो नै आता. बस. छूट जाता."

मी दिवाळीतच दाजींचं नाव घेऊन बघितलं होतं, तुझ्या माघारी. वजनात मारणाऱ्या दुकानदाराकडं गिऱ्हाईक बघतं तसा माझ्याकडं बघत राहिला. मी घरचा नव्हे ना. तुझे दीर काकासाहेब वेगळे निघाले, त्यांचं पाणी वेगळं. राहिलीस तू.

एवढं कर आणि मोकळी हो. उत्तर लवकर धाड.

तुझा
बद्रीनाथदादा

अजिंठा
२१ मार्च १९६०

तीर्थरूप बद्रीनाथदादा यांचे सेवेशी मनकर्णेचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रलेखक वैजनाथ गुरुजी.

आपले पत्र पावले. चि. शैलाचा विवाह ठरल्याचे वाचून परमसंतोष जाहला. तथापि, माझे येणे घडेल असे दिसत नाही. आपण सुचविलेला उपाय माझ्याच्याने होण्यासारखा नाही. कुलस्त्रीने पतीचे नाव असे दारात उभे राहून घ्यावे, हे शोभत नाही. (बाई एवढेच म्हणाल्या, "नाय जमायचं म्हणून लिवा." कुलस्त्रीचे वाक्य मी शोभेसे घातले आहे. — लेखक.)

सांडूची प्रकृती उतरत आहे. तडा कमरेपर्यंत आला. मी चुना आणि गूळ कालवून लिंपते, दोन दिवस टिकते, पुन्हा तड्यात घागरीचे पाणी झिरपते. तरी पाणी तोच भरतो. विहिरीवर मी घागर भरली की उचलण्याआधी हातातून काढून घेतो. रिकामी मला देतो. बैलगाडीत बसू देत नाही, हे आपण जाणताच. परंतु काकासाहेबांची गाडी दारात सोडलेली असली तरी मला तिच्याजवळ फिरकू देत नाही.

मागे ग्रहण लागले तेव्हा मला आत घालून उंबऱ्यावर बसला. मी विळीवर भाजी चिरावयास घेतली तर विळीच उचलून आढ्याला टांगली. गेल्या आठवड्यात शेजारच्या साळूबाईने पिकली पपई दिली. मी फोड तोंडाशी नेली तोच त्याने ती काढून घेऊन भिंतीपलीकडे फेकली. साळूबाई म्हणाली, "अगं बाई, नवऱ्यानं खाण्यावर बी पहारा बसवला का?" बाया खूप हसल्या. (बाईही हसल्या. — लेखक.)

येत्या श्रावणात बारा वर्षे पुरी होतात. काकासाहेब म्हणतात, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया उरकू. ते म्हणतील तसे.

चि. शैलाला हळद लागेल तेव्हा माझी आठवण काढावी. कळावे, लोभ असावा ही विनंती.

औरंगपुरा
२ एप्रिल १९६०

चि. सौ. मनकर्णा, दादाचे आशीर्वाद.

गुरुजींना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तुमचं अक्षर देखणं आहे, पण माझी बहीण जन्मात कधी 'परमसंतोष' म्हणाली नाही.

तू नाव घ्यायला लाजतेस हे मला पटतं. लग्नात घास भरवताना नाव घ्यायला तू एवढा वेळ लावलास, की जिलबीचा पाक दाजींच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. तरी ते हात धरून बसले होते. शेवटी घेतलंस की नाही? तसंच घे. नुसतं नको, उखाण्यात घे. सांडूला यमक कळत नाही आणि उखाण्यातल्या नावाला जगात कुणी नाव ठेवत नाही.

पुन्हा उस्तादांकडं गेलो होतो. पहिल्या खेपेला मी घाईत होतो, दुकान उघडं टाकून गेलो होतो. ह्या वेळी बसून ऐकलं. मनू, एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. गडी सुटतो तेव्हा शेवटचा हुकूम परत करतो. जसा ऐकला तसा. धन्याच्याच आवाजात. उस्ताद म्हणाले, "अमानत है ना सेठ, वापस करकेच जाता. लेकिन आप से आप फूट गया तो अमानत बी मट्टी में."

म्हणजे दाजींचा आवाज त्या छातीत आहे. टिचकी मारली तेव्हाच मला वाटलं होतं, हा नुसता फुटका आवाज नाही, आत काहीतरी अडलेलं आहे. तू सोडवलास तर एकदा ऐकायला मिळेल. नाही सोडवलास तर मिरगाच्या पावसात वाहून जाईल.

तुझं पत्र मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. पपईचं वाचलं, पोरं हसली, तुझी वहिनी आवडाबाईही हसली. मग म्हणाली, "ते ग्रहणाचं परत वाचा बरं." मी परत वाचलं. ती आमटी वाढत होती, पळी तशीच हातात. मी विचारलं, काय झालं? म्हणे, "काय नाही, भाकरी करपली." भाकरी करपली नव्हती. माझे कान तिखट आहेत तसं नाकही धड आहे. पण बाईमाणूस गप्प झालं की मी खोदत नाही.

उखाणा जमत नसेल तर मी जुळवून पाठवतो. दुकानाच्या पाटीवरचा मजकूर मीच जुळवला आहे.

तुझा
दादा

अजिंठा
१९ एप्रिल

दादा,

हे पत्र मी लिवते. गुरुजींना नाय बोलावलं. अक्षरं मालकानंच शिकवलेली, कंदिलापाशी बसवून. पुढं सवय राहिली नाय. वाचून घे.

नावाची लाज नाय रे. नाव मी रोज घेते मनात.

तू दुकानात, वहिनी तिकडं घरात. इथं मी काय ऐकते ते तुला म्हाईत नाय. विहिरीवर साळूबाई म्हणती, नवऱ्याला भरवसा नव्हता म्हणून मातीचा पहारेकरी बसवून गेला. एकदा म्हणली, दहादा म्हणली. मी हसते. हसले नाय तर खरं वाटंल त्यांला.

पर दादा, मला बी आता तेच वाटतंय. नायतर काय म्हणावं? वेशीच्या भायेर जाऊ देत नाय. गाडीत बसू देत नाय. तू न्यायला आलास, सख्खा भाऊ, तरी नाय. कुणी घरात आलं की मधे येऊन उभा राहतो. हे राखणं नव्हं, पाळत हाय.

आन् मालकानं जाताना मला काय सांगितलं? काय नाय. मी पाण्याला गेले, भरली घागर घेऊन आले, तर दारात सांडू. मालक घाटाच्या रस्त्याला लागला व्हता. मला त्याला एक सांगायचं व्हतं. चार दिवस मनात घोळवत व्हते, आज सांगीन, दिवा लावल्यावर सांगीन. माझं सांगायचं राहिलं आन् तो मातीला सांगून गेला.

तू म्हणतो आवाज ऐक. समज ऐकला. आन् त्याच्याच तोंडानं निघालं, हिच्यावर नजर ठेव म्हणून. मग मी काय करू? आत्ता निदान म्हाईत नाय एवढं तरी हाय माझ्याजवळ. ते बी जाईल.

तडा वाढू दे. मातीत जायचं ते मातीत जाऊ दे.

मी दमले दादा. बारा वर्सं झाली, एकटी बसून रडले सुदिक नाय. पदर डोळ्याला लावला की तो पाण्याचा तांब्या घेऊन समोर येतो.

मनकर्णा

औरंगपुरा
२८ एप्रिल १९६०

चि. मनू,

तुझं पत्र दुकानात वाचलं. समोर गिऱ्हाईक होतं. त्याला कंदील हवा होता, मी बादली बांधून दिली. तोही बिचारा घेऊन गेला.

मी आता हट्ट करत नाही. उखाणा, यमक, जिलबी, सगळं परत घेतो. तू वाच म्हणालीस, मी वाचलं. तुझा आवाज पहिल्यांदा ऐकला असं वाटलं.

एवढंच सांगतो. मोंढ्यात मी हमाली करत होतो तेव्हा घरचं कुणी मला ओळख दाखवत नव्हतं. दाजी बाजाराला आले की पोत्यांच्या थप्पीवर माझ्याशेजारी बसून भाकरी खायचे. सगळ्यांदेखत. त्या माणसाचा आवाज मी ऐकलेला आहे. मला त्यात कधी तडा ऐकू आला नाही. पण मी भाऊ, तू बायको. सोडवायचं की नाही हे तुझं तू ठरव. श्रावण होऊ दे, पावसाळा होऊ दे. शैलाला मी समजावीन.

खाली तुझी वहिनी लिहिते आहे. मला बघू देत नाही.

दादा

वन्संना आवडाचा नमस्कार. मी काही शिकलेली नाही, चुकलं तर पोटात घाला. भरली घागर नको. गाडीचे हिसके नकोत. पपई नको. ग्रहणात विळी-सुरी नको. साळूबाई काय म्हणते ते सोडा, ही चार एका ओळीत मांडून बघा. पाळत ठेवणारा नवरा ग्रहणाला भीत नाही. तुम्हाला काय सांगायचं राहिलं होतं ते मी विचारत नाही. पण भिऊ नका. त्याला सोडवा आणि ऐका.

अजिंठा
१४ मे

दादा,

वहिनीचं लिवलेलं मी कितीदा वाचलं. वाचून कागद उतरंडीत ठेवायचा, परत काढायचा. मला वाटायचं, असं कसं असंल? त्याला तर कळलंच नव्हतं.

परवा सकाळी विहिरीवर सांडूचा डावा हात गळला. खांद्यापासून. काठावर पडून फुटला. साळूबाई ओरडली. त्यानं खाली बघितलं सुदिक नाय. उजव्या हातानं घागर उचलून चालायला लागला. छातीतून पाणी गळतंय, मागं ओली रेघ. घरी येऊन घागर ठेवली आन् माझ्याकडं बघत उभा. डोळे त्याचे भाजलेलेच, त्यात काय दिसायचं? पर मला वाटलं हा बी दमला.

मी दुपारी दार लोटलं. त्याला उंबऱ्यापाशी बसवला. लुगडं बदललं. का बदललं म्हाईत नाय. समोर उभी राहिले आन् म्हणले,

विझली चूल, सरली रात, दारात आला वारा,
पुंजारामरावांचं नाव घेते, सुटला तुझा पहारा.

तुझ्या पाटीवरच्या मजकुराएवढं नाय जमलं. मग म्हणले, सांडू, ते येत नाय आता. खरं सांगते. हे म्हणताना मात्र खाली बसले.

लई वेळ काय झालं नाय. मग त्याच्या छातीतून खोकल्याचा आवाज आला. मालकाला सकाळचा खोकला असायचा, तू ऐकलाय. मग बोलला. हळू, घाईत, कुणी ऐकंल म्हणून भिऊन बोलावं तसा. जसंच्या तसं लिवते.

"सांडू, ऐक. तिला दिवस गेल्यात. मला सांगत नाय अजून, लाजती. पर मला कळतंय. भरली घागर उचलू द्यायची नाय. गाडीत बसू द्यायचं नाय, हिसके बसत्यात. वेशीभायेर सध्या लोक बरे नाय, जाऊ देऊ नको, घरात कुणी आलं तर मधे उभा ऱ्हा. पपई लई आवडती तिला, तेवढी नको. गिरान लागलं तर घरात ठेव, विळीला हात लावू देऊ नको. मी येईस्तोवर एवढं बघ. आन् मला कळलंय हे तिला म्हणू नको बरं. तिला सांगू दे. मला ऐकायचंय." मग हसला. "तुला कुठं बोलता येतंय म्हणा."

हसू झालं आन् सांडू मान खाली घालून तसाच बसला. मी हात लावला तर नुसती माती.

दादा, ते लेकरू भादव्यातच गेलं. गावात पळापळ व्हती, आम्ही वेशीआतल्या पडक्या वाड्यात लपलो व्हतो, तिथंच. कुणाला सांगितलं नाय. ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं नव्हतं, दुसऱ्याला काय सांगू? सांडूला बी कुणी सांगितलं नाय की आता राखायला काय उरलं नाय. त्याचं हुकमाचं काम, तो राखत बसला. मी त्याला पाळत म्हणले.

मग मी रडले. तांब्या घेऊन कुणी आलं नाय. पोटभर रडले.

माती परसात ठेवलीय. अजून कुठं टाकली नाय. सांजेला पाणी आणायला मीच गेले. बाया बघत व्हत्या. घागर भरली, कमरेवर घेतली. लई जड लागली. रस्त्यात दोनदा टेकवली. एवढं जड तो रोज उचलत व्हता. साळूबाई म्हणली, "पहारेकरी कुठं गेला?" मी म्हणले, "काम झालं त्याचं."

मी खरं बोलले त्याच्यापुढं, तवा आता श्रावणाची वाट काय बघायची? कुंकू उतरवलं. शैलाच्या हळदीला मी पुढं बसू की मागं, ते तुम्ही ठरवा. मला कुठंबी चालंल. पोरीला बघायचंय फक्त.

बुधवारच्या मोटारीनं येते. अड्ड्यावर कुणाला धाडू नको, तू बी येऊ नको. तिथून औरंगपुऱ्यापर्यंत एकटी चालत येते. मागं कुणी नसलं म्हणजे कसं चालत्यात ते बघते जरा.

वहिनींना म्हणावं, एक पपई कापून ठेवा.

मनकर्णा